तिकिटांचा जुना डबा सापडलाय, त्यातून मुलीला खरंच काही शिकता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरात आवराआवर करताना आजोबांचा एक डबा निघाला, आत शे-दोनशे टपाल तिकिटं, निम्मी सुटी आणि निम्मी अजून पाकिटांच्या तुकड्यांना चिकटलेली, दहा वर्षांची मुलगी त्यात रमलीये, आणि वडील विचारतायत की आता पत्रंच कुणी लिहीत नाही तर या छंदात शिकण्यासारखं काय उरलंय, की ही नुसती कागदं गोळा करणं आहे. शिवाय ती चिकटलेली तिकिटं सरसकट पाण्यात टाकून सोडवावी का.

मी पस्तीस वर्षांपेक्षा जास्त काळ तिकिटं जमवतोय, लहान मुलांना शिकवतो पण, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तिकिटं जमवली की इतिहास-भूगोल आपोआप पक्का होतो असं जे सगळीकडे म्हटलं जातं ते तसं खरं नाही. हजार तिकिटं अल्बममध्ये ओळीनं लावून काहीही न शिकलेली मुलं मी बघितलीयेत. तिकीट काही सांगत नाही हो, ते गप्प असतं. दोन-तीन सेंटीमीटरच्या कागदावर एक चेहरा, एक आकडा आणि कळत नाही अशा भाषेतला एखादा शब्द, बस. पण आपल्याला त्रास होतो ना की हे काय आहे ते कळत नाहीये, तिथून शिकणं सुरू होतं.

माझं स्वतःचं सांगतो. आठ-नऊ वर्षांचा असताना माझ्याकडे एक तिकीट आलं, त्यावर ‘हेल्वेशिया’ असं लिहिलेलं. मी नकाशाच्या पुस्तकात हेल्वेशिया नावाचा देश शोधत बसलो, आठवडाभर शोधला, नाहीच. शेवटी एका मोठ्या माणसानं सांगितलं की हे स्वित्झर्लंड. पण मग स्वित्झर्लंड का नाही लिहिलं? तर तिथे चार भाषा आहेत, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श, एकीतलं नाव घातलं तर बाकीच्या तिघींचं काय, आणि चारही नावं एवढ्याशा कागदावर मावणार कुठे, म्हणून लॅटिनमधलं जुनं नाव. एका देशातला भाषेचा प्रश्न आणि त्यांनी काढलेली तोड, हे मला नवव्या वर्षी एका शब्दामुळे कळलं, आणि इतक्या वर्षांनी अजून लक्षात आहे कारण ते मी आठवडाभर शोधत होतो.

तुमच्या डब्यात अशी तिकिटं असणारच. ‘माग्यार’ दिसलं तर हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘हेलास’ ग्रीस, ‘नॉर्गे’ नॉर्वे, ‘श्चिपेरिया’सारखं काही दिसलं तर अल्बानिया. आणि जुन्या रशियन तिकिटांवर आपण ‘सीसीसीपी’ वाचतो ना, ते मुळात तसं नाहीच, ती लिपी वेगळी आहे, तिथे सी सारखं दिसणारं अक्षर ‘स’चं आहे आणि पी सारखं दिसणारं ‘र’चं, म्हणजे तो उच्चार ‘एस एस एस आर’ असा, सोव्हिएत संघाचं त्यांच्या भाषेतलं नाव. हे कळलं की मुलं लगेच बाकीची अक्षरं लावायला लागतात, मी दहा-दहा वर्षांच्या मुलांना एका दुपारी अर्धी रशियन लिपी वाचताना बघितलंय. मात्र हे तुम्ही आधीच सांगून टाकू नका. तिला दोन दिवस अडू द्या.

आणि एखाद्या तिकिटावर देशाचं नावच नसेल तर? फक्त राजा किंवा राणीचं डोकं, कधी कोपऱ्यात छोटंसं, सावलीसारखं. ते ब्रिटनचं. आज ब्रिटन सोडून बाकी सगळ्यांना नाव घालावं लागतं, आणि यांना सूट का, तर चिकटवायचं तिकीट त्यांनीच आधी काढलं. मला विचाराल तर या छंदातली सगळ्यात सुंदर कथा हीच आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

१८४० च्या आधी तिथे पत्राचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा. दर ठरायचा तो अंतरावर आणि आत किती कागद आहेत त्यावर, म्हणजे लांबचं दोन पानी पत्र गरीब माणसाला परवडायचंच नाही. मग लोकांनी युक्त्या काढल्या, पाकिटाच्या बाहेरच खूण करायची, घेणारा खूण बघणार, निरोप कळला, आणि पत्र घ्यायला नकार. टपालखात्याची फेरी फुकट. रोलंड हिल नावाच्या माणसानं १८३७ मध्ये एक पुस्तिका लिहून मांडलं की पत्र नेण्याचा खरा खर्च अंतराचा नाहीये, तो हिशेब ठेवण्याचा आणि दारोदार पैसे वसूल करण्याचा आहे. म्हणून दर एकच ठेवा, अर्ध्या औंसापर्यंत एक पेनी, देशात कुठेही, आणि पैसे पाठवणाऱ्यानं आधीच द्यायचे. ६ मे १८४० पासून ‘पेनी ब्लॅक’, म्हणजे ते पहिलं चिकटवायचं तिकीट, वापरात आलं आणि त्याच वर्षात पत्रांची संख्या दुपटीच्या वर गेली. आता विचार करा, दर कमी केला आणि वापर वाढला, अर्थशास्त्राचा हा केवढा मोठा धडा एका काळ्या तिकिटात आहे.

पण माझी आवडती गोष्ट याच्या पुढची. तिकीट काळं, आणि त्यावर रद्द केल्याचा शिक्का मारायचे लाल शाईचा. ती लाल शाई लोक पुसायला लागले आणि तेच तिकीट परत लावायला लागले, शिवाय काळ्यावर लाल नीट दिसायचंही नाही. मग १८४१ मध्ये उलटं केलं, तिकीट लालसर आणि शिक्का काळा, म्हणून ‘पेनी रेड’ आलं. एक वर्ष वापरलं, चूक दिसली, बदललं. त्या तिकिटांच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरं असतात, ती कशाला, तर एका शीटवर २४० तिकिटं, वीस ओळी, ओळीत बारा, आणि ती अक्षरं तिकिटाची शीटवरची जागा सांगतात, बनावट करणाऱ्याला त्रास व्हावा म्हणून. २४०च का? कारण तेव्हाच्या एका पौंडात २४० पेन्स. ओळ घेतली की बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग, पूर्ण शीट घेतली की एक पौंड, काउंटरवरच्या माणसाला गणित करायलाच नको. हे मी मुलांना कधी सांगत नाही, फक्त विचारतो, बारा आणि वीसच का असेल? कुणीतरी एकजण पोहोचतोच तिथपर्यंत, आणि त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुसरी गोष्ट, नजर. तिकिटं बघायची सवय लागली की माणूस बारीक बघायला शिकतो, हे मी खात्रीनं सांगतो. दोन तिकिटं अगदी सारखी दिसतात, रंग सारखा, चित्र सारखं, पण एकाच्या कडेला दोन सेंटीमीटरमध्ये १२ भोकं आणि दुसऱ्याला १४, म्हणजे छपाई वेगळी, कधीकधी दोघांमध्ये दहा वर्षांचं अंतर असतं. परफोरेशन मोजायची पद्धत जगभर हीच, दोन सेंटीमीटरमधली भोकं. काळ्या कार्डावर तिकीट पालथं ठेवलं की कधी वॉटरमार्क दिसतो, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, मुकुट, अक्षरं, तारे. मागची बाजू बघायची सवय तर लावाच तिला. कारण लाटव्हियाचं पहिलं तिकीट, १९१८ च्या डिसेंबरमधलं, देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झालेला, युद्धानं सगळं संपलेलं, छापायला कागद नाही, तर त्यांनी ती तिकिटं जर्मन सैन्यानं मागे सोडलेल्या लष्करी नकाशांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छापली. तिकीट उलटं करा, मागे नकाशाचा तुकडा, एखादा रस्ता, एखाद्या गावाच्या नावाची अर्धी अक्षरं. माझ्याकडे त्यातली तीन आहेत आणि दाखवायला काढली की मी आधी पुढची बाजू दाखवतो, साधं तिकीट, कुणाला काही वाटत नाही, आणि मग चिमट्यानं पालथं करतो.

तिसरं, आणि हे डब्यात मिळण्याची शक्यता खूप आहे, १९२३ ची जर्मन तिकिटं. ती इतकी छापली गेली की जुन्या संग्रहात जवळजवळ नेहमी सापडतात. त्यांच्यावर आधी मार्कमध्ये साधे आकडे, मग हजार, मग दशलक्ष, मग अब्ज. नवीन छापायला वेळ पुरेना म्हणून जुन्याच तिकिटांवर काळ्या शाईत नवीन आकडा मारलेला, ‘टाउझंड’, ‘मिलिओनेन’, ‘मिलियार्डेन’. वर्षअखेरीला ५० अब्ज मार्कचं तिकीट निघालं. महागाईबद्दल पाठ्यपुस्तकात वाचणं वेगळं आणि ही तिकिटं किमतीच्या क्रमानं टेबलावर एका ओळीत लावणं वेगळं, तुमच्या मुलीला सांगा लावायला, शून्यं मोजता मोजता एकं-दहं-शतं पण होतं आणि तो प्रश्नही येतो की एका पत्राला इतके पैसे? मग पगार किती असेल, पैसे न्यायचे कशात, साठवलेल्या पैशांचं काय झालं असेल. हे प्रश्न आले की तुमचं काम सुरू, तिच्याबरोबर बसून शोधायचं.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही पण मला सगळ्यात मोलाची वाटते. तिकिटं चुकतात, आणि कधीकधी मुद्दाम खोटं बोलतात. १९०३ चं सेंट किट्स-नेव्हिसचं एक तिकीट आहे, कोलंबस जहाजावर उभा राहून दुर्बिणीतून जमीन बघतोय. कोलंबस त्या सफरीवर निघाला १४९२ ला, आणि दुर्बीण आली १६०८ च्या सुमाराला. पूर्व जर्मनीनं १९५६ मध्ये शूमान या संगीतकाराचं तिकीट काढलं, चेहऱ्याच्या मागे स्वरलिपी छापली ती निघाली शूबर्ट या दुसऱ्याच संगीतकाराची, मग दुरुस्त करून परत काढावं लागलं. अमेरिकेनं २०१० मध्ये स्वातंत्र्यदेवतेचं तिकीट काढलं आणि फोटो होता लास व्हेगासमधल्या हॉटेलसमोरच्या प्रतिकृतीचा, मूर्तिकारानं कोर्टात खेचलं आणि जिंकला पण. या झाल्या चुका. पण नकाशाची तिकिटं बघा, तिथे चूक नसते, तिथे हेतू असतो. चाको नावाच्या प्रदेशावरून बोलिव्हिया आणि पॅराग्वे भांडत होते, दोघांनी तो भाग आपलाच दाखवणारी तिकिटं काढली, आणि १९३२ ते १९३५ तिथे खरं युद्ध झालं, हजारो माणसं मेली. पाकिटावरचं एवढंसं चित्र शेजारच्या देशात रोज जाऊन सांगत होतं की ही जमीन आमची.

निकाराग्वाची गोष्ट तर त्याहून जबरदस्त. अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा कालवा निकाराग्वातून खणायचा की पनामातून हा वाद अमेरिकेत चालू होता. निकाराग्वानं १९०० मध्ये आपल्या मोमोतोंबो ज्वालामुखीचं चित्र मोठ्या अभिमानानं तिकिटावर छापलेलं. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर ज्वालामुखी फुटून एक अख्खं शहर गेलं, सगळ्यांच्या मनात ती भीती ताजी, आणि पनामाच्या बाजूनं खटपट करणाऱ्या बुनो-व्हारिया नावाच्या फ्रेंच इंजिनियरनं नेमकी ती तिकिटं मिळवून एकेक सिनेटरला पाठवली, बघा, हा देश स्वतःच सांगतोय की आमच्याकडे ज्वालामुखी आहे. सिनेटनं पनामा निवडला. निव्वळ तिकिटामुळे निवडला असं मी म्हणणार नाही, इतर कारणं भरपूर होती, पण एका देशानं अभिमानानं छापलेलं चित्र दुसऱ्यानं त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरलं हे मात्र खरं. म्हणून मी प्रत्येक मुलाला तिकीट हातात दिलं की विचारतो, हे कुणी छापलं, आणि आपण काय समजावं असं त्यांना वाटत होतं? आज मुलं दिवसभर जी चित्रं बघतात ना स्क्रीनवर, त्यांनाही हाच प्रश्न लागतो.

संयम, नीटनेटकेपणा, वर्गीकरण वगैरे फायदे आहेतच, त्यावर जास्त लिहीत नाही. एक मात्र सांगतो, सगळ्या जगाची तिकिटं जमवायच्या मागे लागू नका, ते कधी संपत नाही आणि मूल कंटाळतं. दोन-तीन महिने हाताला येईल ते जमवू द्या आणि मग तिला एक विषय निवडू द्या, तोही लहान. ‘प्राणी’ नको, ‘घुबडं’ चालेल. ‘वाहनं’ नको, ‘पूल’ चालेल, ‘दीपगृहं’ चालेल. मग सोळा पानांत त्या विषयाची गोष्ट मांडायला सांगा, तिकिटांच्या प्रदर्शनात पानं लावायची एक फ्रेम साधारण सोळा पानांचीच असते. कुठलं तिकीट आधी, कुठलं नंतर, कुठलं आवडतं असूनही इथे बसत नाही म्हणून बाहेर ठेवायचं. ते बाहेर ठेवणं फार अवघड जातं सगळ्यांना, मलाही जातं, पण निबंध लिहिणं यापेक्षा वेगळं काय असतं.

आता पाकिटांबद्दल, आणि इथे कळकळीनं सांगतो. डब्यात किंवा घरात कुठे अख्खी जुनी पाकिटं असतील तर त्यावरची तिकिटं कापू नका. मी लहानपणी नातेवाइकांकडून मिळालेली एक पेटीभर पाकिटं कात्रीनं कापली, तिकिटं ठेवली आणि बाकी सगळं टाकून दिलं, आणि ते आजही मनाला लागतं. कारण तिकीट जगात लाखांनी असतं, पण ते पाकीट त्या वाटेनं एकदाच गेलेलं असतं. कुठून निघालं, किती दर लागला, वाटेत कुठले शिक्के बसले, किती दिवसांनी पोचलं, सेन्सॉरनं उघडलं का, सगळं त्यावर असतं. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला होता तेव्हा बलूनमधून पत्रं बाहेर गेली, ‘पार बालाँ माँते’, म्हणजे माणूस बसलेल्या बलूननं, असं लिहिलेली, १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला विमानानं साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं गेली, जगातलं पहिलं अधिकृत विमानटपाल, त्यावर खास शिक्का आहे. कॉलऱ्याच्या साथीत पत्रांना चिरा पाडून धुरी द्यायचे, त्या चिरा कागदावर अजून दिसतात. तिकीट कापून घेतलं की यातलं काही उरत नाही.

हाताळायचं सांगतो पटकन. बोटांनी धरू नका, चपट्या टोकाचा चिमटा घ्या, भुवयांचा टोकदार नको. सेलोटेप आणि डिंक अजिबात नाही. अल्बमऐवजी सुरुवातीला स्टॉकबुक बरं, म्हणजे तिकिटं न चिकटवता पट्ट्यांत खोचून ठेवायची वही, तिकिटं हलवता येतात, आणि स्वस्त प्लास्टिकची पाकिटं टाळा, काही वर्षांत ती घाम सुटल्यासारखी चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. दमट जागी पुस्तक आडवं दाबून ठेवू नका, उभं ठेवा. आणि पैसे मिळतील या आशेनं सुरुवात करू नका, डब्यातली बहुतेक तिकिटं बाजारात किरकोळ किमतीची असतात. त्यातही कोपऱ्यात अगदी सुबक गोल शिक्का आणि मागे गम जसाच्या तसा असेल तर ते तिकीट टपालात कधी गेलेलंच नाही, संग्राहकांना विकण्यासाठीच शिक्का मारून बाहेर काढलेलं असतं. वाईट नाही, चित्र छान असतं, मुलीला आवडलं तर ठेवू द्या, फक्त काय आहे ते तिला माहीत असावं.

राहिला पाण्याचा प्रश्न. सरसकट नाही. आधी सगळे तुकडे टेबलावर पसरा आणि तिलाच निवडायला लावा. ज्या तुकड्यावर शिक्का पूर्ण आहे, गाव आणि तारीख वाचता येतेय, तो तसाच ठेवा, कडेनं थोडा कागद राखून. रंगीत कागदावरची तिकिटं, विशेषतः लाल आणि हिरव्या पाकिटांची, बाजूला काढा, तो रंग पाण्यात उतरतो आणि तिकिटाला लागतो तो परत निघत नाही. जांभळ्या शाईचा शिक्का असेल तरी बाजूला. अलीकडची स्टिकरसारखी तिकिटं साध्या पाण्यात बऱ्याचदा सुटतच नाहीत, ती कागदासकट कापून ठेवा. उरलेली साधी पांढऱ्या कागदावरची तिकिटं पसरट भांड्यात साध्या पाण्यात, तिकीट वर आणि कागद खाली, वीसेक मिनिटं. ओढायचं नाही, सुटलं की ते आपोआप सरकतं. मग टिपकागदावर पालथं घालून अर्धवट वाळू द्यायचं आणि जाड पुस्तकात रात्रभर दाबून ठेवायचं. पहिल्यांदा पाचच तिकिटं घ्या, सगळ्यात साधी, आणि ती सुटताना मुलीला जवळ बसवा. पालथी घालताना मागची बाजू बघायला विसरू नका.